एमिल नाही म्हणतो

एमिलने हो म्हणायच्या आधीच अख्ख्या चर्चने त्याच्यासाठी गाऊन टाकलं.

ईस्टरची प्रार्थना संपली होती. पोटात सगळ्यांच्या कावळे ओरडत होते. ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस मांस नाही, लोणी नाही, अंडं नाही. लोक आशीर्वादासाठी आणलेल्या आपापल्या जेवणाच्या टोपल्यांकडे वळणार, एवढ्यात फादर कॉन्स्टंटिननी हात वर केला.

"थांबा, थांबा, एकच मिनिट. टोपल्या पळून जात नाहीत. आपला एमिल ह्रिंको. काल संध्याकाळी त्याला बोलावणं आलंय. टीव्हीवर दिसतात त्या संघातून! या दरीतून बावीस वर्षांत पहिला. तेव्हा..."

पुढचं त्यांना बोलावंच लागलं नाही. मागून कुणीतरी सूर लावला आणि दोनशे माणसं उभ्या उभ्या गायला लागली. म्नोहाया लिता. उदंड आयुष्य लाभो. वाढदिवस असो, लग्न असो, कुणी फौजेत निघालेलं असो, आमच्याकडे हे तीनदा म्हणतात. तिसऱ्यांदा तर असं म्हणतात की खिडक्या थरथरतात. आणि म्हटलं की म्हटलं. ते परत घेता येत नाही.

एमिल मान खाली घालून उभा होता. लोकांना वाटलं, लाजला.

त्याच्या शेजारी दिदो, म्हणजे त्याचे आजोबा. मेथोडी ह्रिंको, वय शहात्तर, आवाज अजूनही कारखान्याच्या भट्टीवरल्या भोंग्यासारखा. सगळ्यांत मोठ्याने तेच गात होते. डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. एमिलने एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

त्याला नाही म्हणायचं होतं.

डिसेंबरपासून माहीत होतं त्याला. मोरलँड कॉलेजसाठीचा अमेरिकन फुटबॉलचा शेवटचा सामना झाला. एका हंगामात सर्वांत जास्त यार्ड चेंडू फेकायचा एकतीस वर्षं जुना विक्रम मोडला. पेपरात फोटो आला. तीन बोटांच्या उजव्या हाताने चेंडू धरलाय, डाव्या हाताने फेकायला निघालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला, चहा केला, आणि लक्षात आलं की चेंडू हातात घ्यावासाच वाटत नाहीये. वाटलं, थकवा असेल. महिना झाला. दोन झाले. सराव करत होता, कारण सगळे विचारत होते. पण आतून काही येतच नव्हतं. उलट गावातल्या शाळेच्या पोरांना शिकवायला जायचा तेव्हा वेळ कसा जायचा कळायचं नाही. शाळेने विचारलंही होतं. ऑगस्टपासून ये, चेंडू फेकणारे क्वार्टरबॅक तयार कर, आणि सकाळी गणिताच्या वर्गाला मदत कर.

मग आता एप्रिलमध्ये टीव्हीवर कालपर्यंत तीन दिवस संघांनी पोरं निवडली. अडीचशेच्या वर नावं वाचली. एमिलचं नव्हतं. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. आणि शेवटचं नाव वाचून वीस मिनिटं झाली तेव्हा फोन वाजला. पश्चिमेकडचा एक संघ. मे महिन्यात तीन दिवस ये, खेळून दाखव, आवडलास तर ठेवू. उद्या दुपारी एकपर्यंत कळव, नाहीतर दुसरा बघतो.

रात्री अंडी रंगवताना त्याने आईला सांगितलं. फक्त आईला.

लोरेन म्हणाली होती, "मला पटतंय. पण दिदोला तू सांगायचं. संघवाल्याला फोन करायच्या आधी. मी नाही सांगणार हं."

आता घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. आणि दिदो तिसऱ्यांदा गात होते.

*

घरी जायला दोन गाड्या होत्या. दिदो एमिलच्या पिकअपमध्ये चढले, टोपली मांडीवर घेऊन. बाकीचे तिघं पॉलच्या गाडीत. पॉल म्हणजे एमिलचा बाप, दिदोचा धाकटा. पुढे त्याच्या शेजारी त्याची मोठी बहीण इरेन, एमिलची तेता म्हणजे आत्या. मागे लोरेन एकटी.

"फादरला कुणी सांगितलं?" लोरेनने विचारलं.

"मी," इरेन म्हणाली. "सकाळी साडेसातला. पपा म्हणाला, सांग. मी सांगितलं. मिसेस वासिल्को तर रडली गं! तिच्या नातवाला विमा कंपनीत बढती मिळाली तेव्हा तीन आठवडे आम्हाला ऐकवत होती. आता ऐक म्हणावं."

"एमिलला विचारलं होतंस?"

"काय विचारायचं त्यात? बोलावलंय. तो जाणार."

लोरेन खिडकीबाहेर बघत राहिली. सत्तावीस वर्षं झाली तिला या घरात येऊन. या लोकांची सवय एकच. आधी सगळे मिळून ठरवायचं, मग ज्याचं आहे त्याला आनंदाची बातमी म्हणून सांगायचं. तिच्या लग्नाचा केकसुद्धा असाच ठरला होता. एमिलने स्वतः सांगायचं असं तिने ठरवलं होतं खरं, पण आता दोनशे माणसं गाऊन बसली होती. तिला राहवेना.

"तो नाही म्हणतोय," ती म्हणाली.

गाडी थोडी डावीकडे गेली. पॉलने सावरली.

"काय म्हणतोय?"

"नाही म्हणतोय. त्याला खेळायचं नाहीये. त्याला शाळेतली नोकरी हवीय."

इरेन अख्खी मागे वळली. पट्टा गळ्याशी आवळला तरी वळली. "वेड लागलंय का त्याला? गणिताच्या वर्गाला मदत? एक विक्रम मोडून माणूस गणिताच्या वर्गाला मदत करतो?"

"इरेन, पट्टा."

"पट्टा गेला उडत! पॉल, तू काहीतरी बोल. तू बाप आहेस ना?"

पॉल बोलणाऱ्यातला नव्हता. तो वीज कंपनीत तारा जोडायचा, आणि घरीही एखादी तार जोडावी तसं बोलायचा. जपून, आणि एकदाच. लोरेनला खात्री होती की तो तिच्या बाजूने येणार. चार वर्षं तोच म्हणत होता, पोटापाण्याचं काहीतरी बघ म्हणून.

"तीन दिवस तर आहेत," पॉल म्हणाला. "जाऊन यावं."

"पॉल!"

"त्याच्यासाठी नाही म्हणत मी. पपासाठी म्हणतोय. तू गाताना बघितलंस त्याला?"

"बघितलं."

"मग."

इरेनने भावाच्या खांद्यावर थाप मारली. "बघ. कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोललास."

लोरेन एकटी पडली. पण तिला राग आला नाही, हेच अवघड होतं. तिनेही बघितलं होतंच की गाताना.

*

पिकअपमध्ये दिदो खुशीत होते.

"तिथे ऊन फार असतं म्हणे. टोपी घे."

"दिदो..."

"आणि तिकडे आपलं चर्च आहे का ते फादर बघून सांगणार आहेत. नसलं तर ग्रीकांचं चालतं. ग्रीक लोक चांगले असतात, फक्त प्रार्थना लांबवतात."

"दिदो, मला एक बोलायचंय."

"बोल की."

पुढे रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. कोळशाचे रिकामे डबे चालले होते, एकामागून एक, एकामागून एक. एमिलने गाडी बंद केली. आता बोलायला भरपूर वेळ होता. सत्तर-ऐंशी डबे तरी असणार. तो दिदोकडे वळला. दिदोंनी टोपलीवरचं भरतकामाचं फडकं जरा बाजूला केलं आणि एखादी चोरीची वस्तू दाखवावी तसं आत दाखवलं.

आत कोल्बासी होती, मसालेदार मांसाची जाड सॉसेज. लसणाचा वास गाडीभर पसरला.

"ही कुणाकडून आणलीस?" एमिलने विचारलं.

"आणली नाही. केली."

एमिलने फडक्याखाली पुन्हा वाकून बघितलं.

सोळा वर्षांत दिदोंनी कोल्बासी केली नव्हती. त्याआधी दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात तळघरात तीस किलो मांस दळलं जायचं. दळायचं यंत्र हाताने फिरवायचं होतं. दिदो भट्ट्यांवर यंत्रदुरुस्ती करायचे, त्यांना हाताने फिरवणं म्हणजे अपमान. त्यांनी त्याला जुन्या धुण्याच्या मशीनची मोटर जोडली. झकास चालायचं. बटण मात्र पलीकडच्या भिंतीवर होतं, कारण तार तेवढीच पुरली. मांस ढकलायचं लाकडी दांडकं त्या दिवशी सापडेना. एमिल सहा वर्षांचा होता आणि त्याला मदत करायची फार हौस होती. इरेन बटणाकडे धावली तेव्हा मध्ये कांद्यांचं पोतं होतं.

दोन बोटं गेली, उजव्या हाताची. यंत्र दिदोंनी त्याच आठवड्यात पुलावरून नदीत टाकलं, मोटरसकट. तेव्हापासून घरात कोल्बासी दुकानातून यायची आणि सगळे म्हणायचे, छान आहे.

"सुरीने केली," दिदो म्हणाले. "सगळं मांस सुरीने बारीक केलं. आठवडाभर रोज थोडं थोडं. इरेनला वाटलं मी खाली रेडिओ ऐकतोय." ते हसले. "म्हटलं, यंदा करायला हरकत नाही. यंदा सगळं मार्गी लागलंय."

शेवटचा डबा गेला. फाटक वर झालं. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तो अर्थातच पॉलच्या गाडीतून आणि अर्थातच इरेनने हात लांबवून.

"काय बोलायचं होतं तुला?" दिदोंनी विचारलं.

"काही नाही," एमिल म्हणाला. "वास मस्त येतोय."

*

टेबलावर पाच ताटं. पिवळा गोड पाव, अंड्याचं चीज, लोण्यात घडवलेलं कोकरू. इरेन ताटं मांडत होती आणि दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. बारा वाजून पाच.

कोल्बासी तिने अजून बघितली नव्हती. दिदोंनी ती परस्पर तळघरातल्या फ्रिजमध्ये ठेवली होती, सगळे बसले की आणू म्हणून. एमिल स्वयंपाकघरात पाण्याचा जग भरायला आला तेव्हा इरेनने त्याला कोपऱ्यात गाठलं.

"मला कळलंय. तुझ्या आईने सांगितलं."

"मॉम!" एमिल बाहेर बघून ओरडला.

"तिच्यावर ओरडू नकोस. ऐक माझं. तीन दिवस जा. धावून ये, फेकून ये. ते ठेवणार नाहीतच, मला काय कळत नाही का! तेरा वर्षांच्या मुलीसारखं तुझं मनगट आहे. पण जाऊन ये. पपा लोकांना सांगेल, नातू गेला होता. काय बिघडलं त्यात तुझं?"

"तेता, मग ते म्हणाले अजून आठवडाभर थांब, तर?"

"तर थांब."

"आणि मग दुसरा संघ? मग कॅनडातला? कधी थांबायचं ते कोण सांगणार मला?"

"पपाला बरं वाटेपर्यंत."

ती हे सहज बोलून गेली. एमिल हसला, पण कडवट हसला. "मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून तेच चाललंय ना," तो म्हणाला आणि जग घेऊन बाहेर गेला.

इरेन तिथेच उभी राहिली. हातात पाच काटे.

तिला हॉस्पिटलचा तो व्हरांडा आठवला. पोराच्या हाताला हे एवढं बँडेज. पपा बाकावर, भिंतीकडे तोंड करून. आणि ती, तेव्हा अडतीस वर्षांची, शहाणीसुरती बाई, खाली वाकून त्या पोराच्या कानात काय म्हणाली होती? दिदोसमोर रडू नकोस हं. तू रडलास तर दिदोला काहीतरी होईल. तू खूश दिसलास की दिदो बरा होईल.

सहा वर्षांचं पोर. ते रडलंच नाही. डॉक्टरसुद्धा म्हणाले, काय शूर आहे.

तिने हातातले काटे पुन्हा एकदा मोजले.

*

दिदोंनी अंडं सोललं. आमच्याकडे पहिलं अंडं एकच असतं. घरातला मोठा माणूस ते कापतो, जितकी माणसं तितके तुकडे. कुठे वाट चुकलात तर आठवायचं, ईस्टरचं अंडं कुणाकुणाबरोबर खाल्लं, म्हणजे वाट सापडते असं म्हणतात. दिदो पातळ सुरीने कापत होते, आणि पाचही तुकडे सारखे यायला हवेत म्हणून जीभ बाहेर काढून कापत होते.

"यंदाचं एमिलच्या प्रवासाचं," ते म्हणाले आणि पहिला तुकडा सुरीच्या टोकावर धरून एमिलच्या पुढे केला.

एमिलने घेतला नाही.

लोरेनने डोळे मिटले. पॉल आपल्या ताटाकडे बघायला लागला.

"दिदो, मी जात नाहीये."

"कुठे?"

"तिकडे. संघाकडे. मी त्यांना नाही सांगणार आहे. मला आता खेळायचं नाही. डिसेंबरपासून नाही खेळायचं. तुला सांगायला पाहिजे होतं, पण मला जमलंच नाही."

सुरीच्या टोकावर अंड्याचा तुकडा तसाच.

मग दिदो म्हणाले, "बरं. अंडं खा आधी. प्रवासाला निघालेल्यानेच अंडं खायचं असं कुठे लिहिलेलं नाही."

एमिलने खाल्लं. दिदोंनी सगळ्यांना दिलं, स्वतः खाल्लं, सुरी रुमालाला पुसली, उठले. "कोल्बासी राहिली," म्हणाले आणि तळघराच्या पायऱ्या उतरून गेले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"किती मोठी कोल्बासी आहे?" पॉल म्हणाला. मग तो एमिलकडे वळला. "बघ, अजून वेळ आहे. बारा पस्तीस झालेत. जा खाली, सांग की विचार बदलला. तीन दिवसांचा तर..."

"गप्प बस, पॉल," इरेन म्हणाली.

पॉलने बहिणीकडे बघितलं. गाडीत तिनेच त्याच्या खांद्यावर थाप मारली होती.

"तू तर म्हणत होतीस..."

"म्हणत होते. आता गप्प बस म्हणतेय. या पोराला मी सांगितलं होतं हॉस्पिटलमध्ये, दिदोसमोर रडू नकोस. मी. तू नव्हतास तिथे, तू लोरेनला आणायला गेला होतास. मी याला कामाला लावला आणि सोळा वर्षं झाली, मी याला सुट्टीच दिली नाही." तिने एमिलकडे बघितलं नाही, मिठाची बाटली सरळ केली. "जाऊ दे त्याला. शिकवू दे गणित."

"वर्गाला मदत," एमिल म्हणाला. "शिकवणार नाहीये."

"मदत तर मदत! जास्त बोलू नकोस, मी अजून चिडलेली आहे."

लोरेनने टेबलाखालून तिचा हात धरला. सत्तावीस वर्षांत दुसऱ्यांदा असेल.

"जा खाली," लोरेन पोराला म्हणाली. "खोटं काही सांगू नकोस. पण जा."

*

दिदो तळघरात बटाट्यांच्या खोक्यावर बसले होते. कोल्बासी मांडीवर होती, ताटलीत. एमिलची पावलं त्यांना पहिल्या पायरीपासून ओळखू आली. हे पोर पायऱ्या नेहमी डाव्या पायाने सुरू करतं.

समोर भिंतीत वर, छताजवळ ती कोळशाची खिडकी होती. पूर्वी कोळशाचा ट्रक बाहेरून तिच्यातून कोळसा आत ओतायचा. हाताने मोजली तर दीड वीत उंच. एमिल आठ वर्षांचा असल्यापासून बाहेर परसात उभा राहून त्या खिडकीत चेंडू फेकायचा. डाव्या हाताने. आत दिदो बसलेले. चेंडू आला की बाहेर परत फेकायचे. दोन वर्षं, रोज शाळा सुटल्यावर.

एमिल कांद्यांच्या पोत्यावर बसला.

"रागावलास?"

"विचार करतोय," दिदो म्हणाले. "का नाही सांगितलंस?"

"तुझ्यासाठीच खेळत होतो ना मी. तुला कसं सांगणार?"

"माझ्यासाठी?"

"तू इथे बसायचास. दोन वर्षं. हाताचं तुला काय वाटायचं ते कळायचं मला. मी लहान होतो, पण कळायचं."

दिदोंनी कोळशाच्या खिडकीकडे बघितलं. त्यांना हसू यायला लागलं, आणि पोर इतकं गंभीर बसलंय म्हणून त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला.

"तुला वाटतं मी हातासाठी इथे बसत होतो?"

"मग?"

"अरे, भट्ट्या बंद झाल्या होत्या. मी साठीचा. चाळीस वर्षं डबा घेऊन बाहेर पडायची सवय. तुझी आजी म्हणायची, माझ्या पायात येऊ नकोस, कुठेतरी जाऊन बस. कुठे जाऊ? साडेतीनला तू शाळेतून यायचास. साडेतीनला माझी ड्यूटी होती. अख्ख्या दिवसात तेवढीच. मी सव्वातीनला येऊन बसायचो, उशीर नको म्हणून."

एमिलने मान वर करून खिडकीकडे बघितलं.

"आणि सिगरेट," दिदो म्हणाले. "तू चुकलास की चेंडू टेकडीखाली जायचा. तू आणायला पळायचास. तेवढ्यात माझी एक व्हायची. तुझ्या आजीला वास यायचा नाही, सगळा खिडकीतून बाहेर."

"म्हणजे मी चुकावं असं वाटायचं तुला?"

"पहिल्या वर्षी भरपूर ओढल्या. दुसऱ्या वर्षी तू चुकेनासाच झालास. माझी सिगरेट तुझ्यामुळे सुटली, लोकांना वाटतं डॉक्टरमुळे."

एमिल हसला. मग हसता हसता त्याने तीन बोटांचा हात तोंडावर धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. दिदोंनी त्याला वेळ दिला. कोल्बासीची ताटली एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"हाताचं आहेच," ते मग म्हणाले. आवाज आता भोंग्यासारखा नव्हता. "ते नाही म्हणत नाही मी. मला वाटायचं, पोरगं मोठं झालं की मनावरचं ओझं जाईल. शाळेच्या संघात आलास, वाटलं आता जाईल. विक्रम केलास त्या दिवशी तर नक्की वाटलं, गेलं. घरी आलो, बूट काढले, तर तिथेच होतं. बसलेलं. तेव्हा कळलं. तू अजून हजार यार्ड फेक, पाच हजार फेक, काही उपयोग नाही. ते माझं आहे. तुझ्याच्याने जाणारं नाही."

"पण तू आज म्हणालास, सगळं मार्गी लागलं."

"माणूस सणाच्या दिवशी म्हणतो."

वरून इरेनचा आवाज आला, "बारा पन्नास झालेत!" आणि मग लोरेनचा, "इरेन, बोलू दे त्यांना!"

दिदो उठले. गुडघ्यांनी आवाज केला. एमिलने हात दिला, उजवा, आणि दिदोंनी तोच धरला.

"एक सांगतो," ते म्हणाले. "मला आवडलं असतं. टीव्हीवर तुला बघायला. खोटं कशाला बोलू, फार आवडलं असतं."

"माहितीय."

"बस. तेवढं तुला माहीत असू दे. चल, फोन कर. खाली रेंज येत नाही."

*

एमिलने स्वयंपाकघरात उभं राहून फोन लावला. इरेन म्हणाली, स्पीकरवर टाक, मला ऐकायचंय तो माणूस काय बोलतो. पॉल म्हणाला, टाकू नकोस. लोरेन म्हणाली, त्याला हवं ते करू दे. एमिलने स्पीकरवर टाकला.

"ह्रिंको! बोल. येतोस ना?"

"नाही, सर. बोलावलंत, आभारी आहे. पण मी येत नाही."

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. "दुखापत आहे का काही?"

"नाही, सर."

"दुसऱ्या कुणी बोलावलं?"

"नाही. मी गावातल्या शाळेत काम करणार आहे."

"शाळेत." पुन्हा कागद हलले. "बरं. तुझा तो नोव्हेंबरमधला पास बघितला मी, कोपऱ्यातून मारलेला, तीन बोटांनी चेंडू अडवून. सहा वेळा बघितला. कुठे शिकलास तसं?"

एमिलने दिदोकडे बघितलं. दिदोंनी जोरजोरात मान हलवली. सांगू नकोस.

"घरीच, सर," एमिल म्हणाला.

"बरं. शुभेच्छा." फोन ठेवला.

घड्याळात एकला तीन मिनिटं होती. पॉलने खुर्ची ओढली आणि परत ढकलली. सोळा वर्षांचं काम होतं आणि ते मिनिटभरात संपलं, म्हणून कुणाला काय करावं कळेना.

इरेनचा फोन वाजला. तिने नाव बघितलं, नाकाने श्वास घेतला, आणि उचलला.

"मिसेस वासिल्को! वोस्क्रेसे, वोस्क्रेसे, तुम्हालाही ईस्टरच्या शुभेच्छा. हो ना. नाही, नाही, जात नाहीये. अहो, त्यांनीच विचारलं, मागे लागले होते, पण आमच्या एमिलने नाही सांगितलं. नाही म्हणजे नाही. मला सांगा, तुमच्या ओळखीत कुणी त्यांना कधी नाही म्हटलंय? नाही ना! मग. हो, गणित."

"वर्गाला मदत," एमिल म्हणाला.

इरेनने त्याला हाताने गप्प केलं. तिचा चेहरा उजळला होता. लोरेन हसू लपवायला पाव कापायला लागली, आणि पॉल तिच्यासाठी लोण्याच्या कोकराचं डोकं जपून कापू लागला.

दिदोंनी कोल्बासी टेबलाच्या मधोमध ठेवली. जाडजूड तुकडे केले आणि पहिला एमिलच्या ताटात टाकला. इरेन फोन कानाशी धरून बोलता बोलता थांबली. तिने ताटलीकडे बघितलं, मग बापाकडे. तिने फोन बंद केला.

"तू केलीस?" ती म्हणाली.

"सुरीने," दिदो म्हणाले. "खा. गार होतेय."

"गारच आहे, पपा. फ्रिजमधली आहे."

"मग अजून गार होईल."

सगळे खायला लागले. एमिल म्हणाला, लसूण जास्त झालाय. दिदो म्हणाले, लसूण जास्त होऊच शकत नाही. मग त्यांनी ख्रीनची वाटी पुढे ओढली. किसलेल्या बीटात झणझणीत मुळी कालवलेली, लालभडक. आम्ही ती चमच्याच्या टोकावर घेतो, कारण त्याहून जास्त घेतली तर मेंदूपर्यंत ठसका जातो. दिदोंनी अख्खा चमचा भरून घेतला आणि तोंडात टाकला.

त्यांचा चेहरा लाल झाला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, गालांवरून हनुवटीपर्यंत. त्यांनी ते पुसलं नाही.

"पपा!" लोरेन म्हणाली. "एवढं कशाला घेतलंत?"

"यंदाची फार कडक झालीय," दिदो म्हणाले. त्यांनी वाटी टेबलावरून एमिलकडे सरकवली. "तूही घे. चांगला चमचाभर घे."

एमिलने वाटीत बघितलं, दिदोकडे बघितलं आणि चमचा भरला.